राबाचा धूर

मीनाने दहाव्या चित्राची चौकट भिंतीला टेकवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि खिळा बोटभर बाजूला ठोकला. शहापूरच्या बाजारामागची ही भातगिरणी कधीचीच बंद पडलेली. भिंती दोनदा झाडल्या, तरी हात लावला की कोंडा निघायचा. मुंबईहून तिच्या कॉलेजातल्या मॅडम आणि बाहेरचे परीक्षक गाडीने निघाले होते.

तिचा भाऊ हरेश दाराजवळच्या जुन्या वजनकाट्यावर बसून होता. आईने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता, दुपारची गोळी पुडीत बांधून खिशात ठेवली होती आणि डोळखांबहून एसटीत मीनाच्या शेजारी बसवून दिलं होतं. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. घरात आता त्याच्या गप्प असण्याचं कुणाला काही वाटतही नसे.

भिंतीवरची चित्रं त्याची होती. वडील कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होते. तिथून ते रद्दीतले छापील तक्ते आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर हरेश चित्रं काढी. शहाण्णव साली मुंबईच्या एका कलाशाळेत त्याला प्रवेश मिळाला, तेव्हा गावाने शाल-नारळ दिला. दुसऱ्या वर्षी तो वसतिगृहातलं सामान तिथेच टाकून घरी आला. मग डॉक्टर झाले, भगत झाले, मध्येच वडील गेले. हरेश गुरं घेऊन माळावर जायचा आणि दिवस कलला की परत यायचा. पेन्सिल त्याने पुन्हा हातात धरली नाही.

मीना त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. चित्रं काढणारा तो, आणि ती चित्रांविषयी लिहिणारी. तिच्या पदव्युत्तर वर्गात शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक प्रदर्शन मांडायचं आणि त्यावर प्रबंध लिहायचा असे. बाकीच्यांनी नावाजलेले चित्रकार निवडले. तिने आईच्या ट्रंकेतले कागद आणले. ते पाहून मॅडम म्हणाल्या होत्या की असा चित्रकार आपल्यापर्यंत पोचलाच नाही, ही आपलीच नामुष्की आहे. त्या एका वाक्यावर मीनाने वर्ष काढलं. प्रदर्शन शहापुरातच करायचं, हाही तिचाच हट्ट. त्यामागचं खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आपली चित्रं भिंतीवर बघून हा माणूस काहीतरी बोलेल, एवढीच तिची आशा होती.

अकरावं चित्र सगळ्यात लहान होतं. पेरणीआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्या राबाचं. वाकलेल्या तीन बाया, हातात ओले डहाळे, पायांशी जाळ आणि त्यावर पानभर पसरलेला करडा धूर. प्रबंधाची सहा पानं तिने या एका धुरावर लिहिली होती. बारा वर्षांच्या मुलाने रेघ पुसून टाकण्याचं धाडस केलं, असं त्यात होतं. मॅडमनी समासात ‘उत्तम’ लिहिलं होतं.

तिने खाली नावाची चिठ्ठी चिकटवली. हरेश वेखंडे, १९९०. मागे पावलं वाजली.

“हे माजं नाय,” हरेश म्हणाला.

तो बोलला, याचाच तिला आधी आनंद झाला. शब्द मागून पोचले.

“तुजंच हाय रे. आईच्या ट्रंकेत होतं.”

“तुजं हाय गो. तू डावरी. काढत गेलीस तसा वरून हात फिरला, सगळं पुसलं. लय रडलीस तवा. बा बोलला, कागद नासवला पोरीनं, आता हरेशलाच देत जा. मग तू काढलंच नाय.”

मीना चित्राच्या अगदी जवळ गेली. करडा डाग डावीकडून निघाला होता आणि उजवीकडे जाता जाता विरळ झाला होता. तिच्या शाळेच्या सगळ्या वह्या अशाच असत. प्रबंध लिहितानाही तिच्या तळहाताची कड रोज शाईने काळी व्हायची. तिला चित्र काढल्याचं आठवलं नाही. हाताखालून कागद ओढला गेला, तेवढंच आठवलं.

ती नखाने चिठ्ठी खरवडू लागली. एक कोपरा सुटला. हरेशने तिचा हात धरला.

“राहू दे,” तो म्हणाला. “त्यातलं तेवढंच बरं हाय.”

आवाजात कडवटपणा नव्हता. तो परत जाऊन काट्यावर बसला आणि रस्त्याकडे बघू लागला. मीनाने बाकीच्या दहा चित्रांवरून नजर फिरवली. नेटकी, शाळेत बक्षीस मिळावं अशी चित्रं होती ती. हे तिला आजच दिसत होतं असं नाही. नाहीतर सहा पानं एकाच चित्रावर कशाला गेली असती?

बाहेर गाडी थांबली. मॅडमनी परीक्षकांना आत आणलं. ते एकेका चित्रापुढून न थांबता पुढे सरकत राबापाशी आले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांनी वाकून कोपरा सुटलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं.

“सध्या काय काढतात हे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. सुटलं ते,” मीना म्हणाली.

“पुन्हा सुरू नाही का करणार?”

मीनाने अंगठ्याने कोपरा दाबून चिठ्ठी नीट बसवली.

“नाही,” ती म्हणाली. “आता हात वळत नाही.”

परीक्षकांनी मान हलवली आणि ते वहीत लिहून घेतलं, हरेशच्या नावापुढे.