स्वतःपुरते औषध

मित्रांनो, पांचेवो गावातल्या एका जुन्या संगणकात, खेळातल्या नगराच्या वेशीपाशी उभा असलेला दणकट गडी म्हणजे मी. अर्धा तलवारबाज, अर्धा वैद्य असा मी एक जुना योद्धा आहे.

मला घडवले ओग्न्येनने. त्याची थोरली बहीण कोसारा नोकरीसाठी ऑस्ट्रियाला गेली आणि घरात तो एकटा उरला. पूर्वी खेळात तो लढायचा आणि ती त्याच्या जखमा भरायची. आता दोघांचे काम एकट्याने करणारा कोणीतरी त्याला हवा होता.

सुरुवातीला त्याने खेळात मिळणारे कौशल्याचे गुण तलवार आणि औषध यांना सारखेच वाटून दिले. तिथेच घोटाळा झाला. माझ्या वाराने लांडगा मरेना आणि औषधाने ओरखडा भरेना. खेळाडूंची कोणतीही टोळी मला बरोबर घेईना.

"ना धड लढतो, ना धड वाचवतो. याला घेऊन काय लोणचं घालायचंय?" असे एकाने तोंडावर म्हटले. मला फार वाईट वाटले.

अखेर मिलुतिन नावाच्या मुरलेल्या खेळाडूला दया आली. "हे बघ बाळा, यापुढचे सगळे गुण तलवारीला दे. चांगला वाढलास की मग औषधाकडे वळ. तेही स्वतःपुरतंच शीक, लवकर लागू पडतं. आपल्याहून कमजोर जनावर गाठायचं, मारायचं, जखम भरायची, पुढे चालायचं. टोळी हवीय कुणाला? पण जपून, दिलेले गुण परत मिळत नाहीत."

सल्ला अचूक होता. मी भराभर वाढलो. दलदलीतली अस्वले, खाणीतले राक्षस एकट्याने लोळवले. येणारे-जाणारे थांबून कौतुक करत आणि आपल्या टोळीबरोबर निघून जात.

मग घरच्या संताचा सण आला, घरच्यांनी मिळून पाव मोडायचा दिवस. कोसाराला रजा मिळाली नाही, म्हणून ती खेळातच भेटायला आली, आपल्या जुन्या, नाजूक वैद्याच्या रूपात.

"पाव मोडलास का रे?" तिने विचारले.

"सणाचा पाव एकट्याने कसा मोडणार, ताई? ठेवलाय तसाच. तू माझ्या मागे राहा. मी आहे."

खाणीच्या तोंडाशी राक्षसाचा घाव तिच्यावर बसला. "औषध दे ना!" ती ओरडली. ओग्न्येन घाबरून कळ दाबत राहिला. दर वेळी औषध मलाच लागत होते आणि मला तर खरचटलेही नव्हते. ती माझ्या पायाशी कोसळली.

"स्वतःलाच पाजतोस होय रे, गाढवा?" ती हसत म्हणाली.

"मला दुसऱ्याला बरं करता येत नाही, ताई. शिकलोच नाही."

तिचे हसू थांबले. "बरोबर कोणी नव्हतंच ना रे तुझ्या," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओग्न्येनने पहिल्या पातळीचा एक नवा वैद्य घडवला. तो आता कोसाराबरोबर फिरतो आणि मी वेशीपाशी उभा असतो. पोर अजून सशालाही घाबरते, पण कोसाराची जखम भरून देते.

मित्रांनो, एकट्याने वाढण्याच्या सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत, त्या खुशाल घ्या. फक्त एक गुण दुसऱ्यासाठी राखून ठेवा. आणि कधी वेशीवरून गेलात, तर मला थोडे फिरवून आणा. माझे औषध अजून चांगले लागू पडते, पण आता मला जखमच होत नाही.