ताईसाहेबांची दोन खोटी वेतं

केंद्रातल्या बत्तीस मेंढ्यांची हजेरी रोज सकाळी सात वाजता घेतली जात असे. नियमावलीत तसं काही नव्हतं. पण गोठा ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ प्रत्येक मेंढीसमोर उभे राहत, चष्मा कपाळावर सरकवून "आहेस का गं?" असं विचारत आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नसत. म्हणून सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. त्यांच्या शिस्तीबद्दल मेंढ्यांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

हजेरीतून सूट एकाच मेंढीला होती. ती उत्तर देत नसे. ती सावकाश चालत येई, हेडमास्तरांच्या उजव्या खिशात तोंड खुपसे आणि बिस्किट काढून घेई. इतर मेंढ्या चारा खाताना ही बाजूला उभी राहून, जणू पाहणीला आल्यासारखी, बघत राही. तिचं नाव ताईसाहेब.

केंद्राचं काम थोडक्यात सांगायचं तर एकीचं मूल दुसरीच्या पोटात वाढवणं. हरणांच्या बाबतीत ते फारसं जमलं नव्हतं. उसन्या आया म्हणून आणलेल्या हरिणी सुई दिसताच कुंपणावरून उडी मारत, आणि परत येण्याचं त्यांना काही कारण दिसत नसे. राहता राहिली रानमेंढी. मागच्या टेकडीवर रानमेंढ्यांचे चार एडके तेवढे उरले होते. भारदस्त शिंगं, दणकट बांधा, आणि दिवसभर एकमेकांना टकरा देण्यापलीकडे काही उद्योग नाही. शेवटची मादी दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी केंद्राच्या डॉक्टरबाईंनी तिचे भ्रूण काढून नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवले होते. त्यातले माद्यांचे तीन. टेकडीचं सगळं भवितव्य त्या तिघींवर.

त्यासाठी तीन साध्या मेंढ्या निवडायच्या होत्या. अट एकच, मेंढी आधी व्यालेली हवी. व्यालेल्या मेंढीला पिल्लू बाहेर आल्यावर काय करायचं ते ठाऊक असतं. निवड अर्थातच हेडमास्तरांची.

नेमकी त्याच महिन्यात दुसरी एक यादी निघाली. तीन हंगाम रिकाम्या गेलेल्या मेंढ्या कळपातून काढायच्या. ताईसाहेबांचे तीन हंगाम पूर्ण झाले होते. हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं आणि तिच्या नावापुढे निळ्या शाईनं, खाडाखोड न करता लिहिलं: दोन वेतं झाली. म्हणजे ती दोनदा व्यालेली ठरली, यादीतून सुटली आणि निवडलेल्या तिघींतही बसली. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं ते पहिलं खोटं. अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"माझ्यासाठी कधी एवढं खोटं बोललात?"

"तुला कुठे कळपातून काढत होते?"

"सासूबाईंनी काढलंच होतं की. तेव्हा गप्प बसला होतात."

हेडमास्तरांनी भाजीची जुडी पुढे ओढली आणि निवडायला बसले.

तिघींच्या पोटात भ्रूण सोडल्यावर चाळीस दिवसांनी तपासणी झाली. पहिली मेंढी रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीच्या पोटावर डॉक्टरबाईंनी यंत्र फिरवलं, आणि पडद्यावर वाटाण्याएवढं काहीतरी धडधडताना दिसलं.

"हेडमास्तर, लागलं! तुमच्या ताईसाहेबांनी लाज राखली." डॉक्टरबाई एरवी हसत नसत, त्यामुळे हसल्या की वेगळ्याच कोणी वाटत. "बरं झालं अनुभवी मेंढी निवडलीत."

हेडमास्तरांना आता खरं सांगायचं होतं. पण समोर बाई एवढ्या आनंदात, आणि ताईसाहेबांचं तोंड खिशात. राहिलं. पुढे रोज राहिलं.

पाच महिने पुरे होऊन चार दिवस झाले तेव्हा, सकाळी साडेनऊला, ताईसाहेब व्याली. पिल्लू तपकिरी, काटकुळं, सगळे पायच पाय. साध्या मेंढीचं कोकरू थोडं पडून राहतं, जगाचा अंदाज घेतं. हे पंधराव्या मिनिटाला उभं. ताईसाहेबांनी मागे वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं, हे कोणाचं अशा चेहऱ्यानं, आणि सरळ येऊन हेडमास्तरांच्या खिशात तोंड घातलं.

"चाट ना गं त्याला," हेडमास्तर अजिजीनं म्हणाले.

तिनं बिस्किट चाटलं. पिल्लू धडपडत तिच्या पोटाखाली शिरलं, तशी तिनं ढुशी देऊन त्याला गवतात लोळवलं. ते उठलं. पुन्हा गेलं. पुन्हा लोळलं.

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला नाही तर ते दमून जाणार. खोलीत बाटली कोमट करून ठेवली होती. पण बाटलीवर वाढलेलं पिल्लू माणसालाच आई समजतं, आणि मग टेकडीवर सोडलं तरी कुंपणाशी येऊन माणसांची वाट बघत बसतं. आणि टेकडीसाठी आता एवढी एकच मादी होती.

"दोन वेतं झालेली मेंढी अशी कशी वागते?" बाई पुटपुटल्या.

"बाई," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "झालेली नाहीत. एकही नाही. मी लिहिली."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या. पिल्लू चौथ्यांदा लोळलं.

"का?"

"काढून टाकणार होते तिला."

"सव्वीस वर्षं नोकरी केलीत ना तुम्ही?"

"हो बाई."

"मग खोटं बोलायला हाच भ्रूण सापडला तुम्हाला?"

हेडमास्तर काही बोलू लागले, तेवढ्यात ताईसाहेबांनी त्यांच्या आवाजाकडे मान वळवली. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. त्यांनी मुद्दाम विचारलं, "बोला, काय म्हणत होतात?"

"काही नाही, म्हटलं..."

पुन्हा मान वळली. पिल्लू एका बाजूला, हेडमास्तर दुसऱ्या बाजूला, आणि ताईसाहेबांच्या मनात निवडीचा प्रश्नच नव्हता.

"घरी जा," बाई म्हणाल्या.

"आता? या वेळेला?"

"तिला समोरचं पिल्लू दिसतच नाहीये. तुम्ही दिसताय. तुमचा आवाज नको, वास नको. ते बिस्किटसुद्धा घेऊन जा. साडेअकरापर्यंत थांबते, मग बाटली."

ताईसाहेब दारापर्यंत त्यांच्यामागे आली. दार लावलं तर आतून ओरडली. हजेरीला जिनं कधी उत्तर दिलं नाही तिनं आज हाक दिली, आणि हेडमास्तर थांबले नाहीत.

दहा वाजता नवरा घरी आलेला पाहून बायको घाबरली. "अहो, काढलं का तुम्हाला?"

"तिनंच मनातून काढायला हवंय मला," असं म्हणून ते खुर्चीत बसले. बायकोनं अर्थ विचारला नाही. चहा केला, तो निवला, दुसरा केला. फोन दोघांच्या मध्ये ठेवला होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तो वाजला.

"चाटतेय," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आधी अर्धा तास दाराकडे बघत उभी होती. मग ते मागून येऊन ओरडलं, आणि हिच्या घशातून काहीतरी घुमल्यासारखा आवाज निघाला. तिची तीच दचकली. आता पितंय. शेपूट बघायला हवी होती तुम्ही."

"येऊ?"

"आठ दिवस फिरकायचं नाही. आणि हेडमास्तर, रजिस्टर माझ्या टेबलावर आहे. आलात की दुरुस्त करायचं. सही तुमची आणि खाली कारण. रागावायचं काम मी तेव्हाच करीन."

ते आठ दिवस हेडमास्तरांनी घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली, मोडकी नव्हती तीही. सकाळी सात वाजता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. चौथ्या दिवशी बायको न विचारताच म्हणाली, "आहे हो, आहे."

नवव्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून, खिशात बिस्किट घेऊन डॉक्टरबाईंबरोबर गोठ्याशी गेले. ताईसाहेब पलीकडच्या भिंतीपाशी होती. तिच्या अंगाआडून दोन तपकिरी कान दिसत होते. हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आहेस का गं?"

ती दोन पावलं पुढे आली. त्यांच्याकडे रोखून पाहिलं, आणि पुढचा उजवा पाय जमिनीवर आपटला. ते जागचे हलले नाहीत. तिनं परत आपटला, जास्त जोरात, पिल्लाची आई परक्याला दटावते तसा.

"बाई!" हेडमास्तर कुजबुजले. चेहरा मुलगी वर्गात पहिली आल्यासारखा. "पाहिलंत? माझ्यावर पाय आपटला. माझ्यावर!"

"पाहिलं. मागे सरका."

ते मागे सरकले. खिशातलं बिस्किट काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि स्वतःच खाल्लं. मग रजिस्टरकडे गेले. 'दोन' वर रेघ मारून त्यांनी 'एक' लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना लवकर सुचेना.