ओढ्याचं पाणी

नोरीननं डावं मनगट ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलं आणि ती वाट पाहत बसली. काहीच झालं नाही.

तिनं हात काढला, लुगड्यासारख्या सैल झग्याला पुसला आणि पुन्हा बुडवला. दाट झाडीतून गाळून आलेला हिरवा उजेड पाण्यावर डोलत होता. पलीकडे एक कॅसोवरी, शहामृगासारखा मोठा पक्षी, मान उंचावून उभा होता. जणू तोही कान देऊन होता.

“मावशी, हात काढ बाहेर!” बहिणीची लेक लिओना काठावरून ओरडली. “गार पाणी लागलं की पेटतो ना तुझा?”

“पेटायचा. आता विझला.”

“मग सुटलीस की!”

नोरीननं ओलं मनगट चोळलं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा क्लॅरी याच काठावर तिच्यासाठी जिम्पीची, त्या आग लावणाऱ्या जंगली झाडाची, फळं काढत होता. “लांब हो गं बाई, माझ्याआधी हे झाडच तुला मिठी मारेल,” असं तो म्हणेपर्यंत पान लागलंच. पानावरची काचेसारखी लव मनगटात रुतली. रात्रभर तो तिचा हात धरून बसला होता. कधी हसत, कधी माफी मागत. त्याच हिवाळ्यात तो गेला. त्यानंतर गार पाण्यात हात घातला, की रुतलेली लव जागी होऊन मनगट पेटायचं आणि त्याचं हसू ऐकू यायचं.

आज पाणी नुसतंच पाणी होतं.

लिओनानं जाड हातमोजे चढवून फळं उतरवली. तुतीसारखी, गुलाबी-जांभळी. फडक्यात घालून चार वेळा घोळवली.

“काका तर घोळवतच बसायचे,” ती हसली. “तोंडाला पाणी सुटून आम्ही म्हातारे व्हायचो.”

“लवेचा एकही केस राहू द्यायचा नाही तो.”

“माझीही साफच आहेत. घे, बघ.”

नोरीननं फळं तळव्यावर घेऊन उजेडात हळूहळू फिरवली. एका फळाच्या कडेला बारीकशी लव चमकली. तिनं तेच उचललं आणि तोंडात टाकलं.

आधी आंबटगोड रस. मग जिभेच्या टोकाला ठिणगी.

“टोचलं का गं?” लिओना दचकून जवळ आली.

नोरीननं मानेनंच नाही म्हटलं. ओंजळभर गार पाणी घेतलं, तोंडात धरलं, आणि डोळे मिटून ती ऐकत राहिली.