तुटीपोटी मीठ

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पस्तीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानात शिरायचं, तराजूच्या पारड्याखाली बोट फिरवायचं, मापाच्या तळावर टकटक करायची आणि दुकानदाराच्या घशाला कोरड पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हे त्यांचं काम. या नोकरीतून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक, निरोपाच्या दिवशी मिळालेला पितळी तराजू. दुसरी, जगातलं प्रत्येक माप कमी भरतं ही अढळ श्रद्धा. त्यामुळे ते कशातही तुटीपोटी थोडं वर घालतात. चहात साखर तुटीपोटी अर्धा चमचा जास्त. खोकल्याचं औषध तुटीपोटी एक झाकण जास्त. ते घेऊन एकदा मुलीच्या शाळेतल्या नाटकात पहिल्या रांगेत असे घोरले, की रंगमंचावरचा राजा मरायचा थांबला.

निवृत्त झाल्यावर त्यांची नजर घरामागच्या बागेवर पडली. बाग कसली, दहा पावलं जा आणि दहा पावलं या. पण ती ताईची होती. भिंतीलगतच्या वाफ्यात एक पांढरा गुलाब होता, आमच्या आईच्या अंगणातल्या गुलाबाच्या फांदीपासून केलेला. आईचं घर विकलं, नव्या मालकानं अंगणात फरशी घातली. त्याआधी ताईनं तीन फांद्या आणल्या, त्यांतल्या दोन वाळल्या. तिसरीला तीन वर्षांनी आत्ता कुठे वाटाण्याएवढी कळी धरली होती. ताई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्याशी बोलून यायची. हे रोप गेलं असतं, तर दुसरं कुठूनही मिळणार नव्हतं.

वाफ्यात लव्हाळा माजला होता. ताईच्या गुडघ्यांनी खुरपं धरायला नकार दिला होता. भाऊजी पुढे सरसावले.

"बाजारातलं विष माझ्या दारात नको," ते म्हणाले. "फोनवर एका बाईनं घरगुती तणनाशक दाखवलंय. व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायचा पातळ साबण. सगळं आपल्या ओट्यावरचं. शंभर टक्के नैसर्गिक!"

समुद्रसुद्धा शंभर टक्के नैसर्गिक असतो, पण त्यात कुणी गुलाब लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण मेहुण्यानं कुठे बोलावं, याला मर्यादा असते.

"मीठ किती म्हणाली ती बाई?" ताईनं विचारलं.

"एक कप."

"मग?"

"अगं, कप म्हणजे काय? कुणाचा कप? त्यावर शिक्का आहे का? आणि कप म्हटला की तूट आलीच."

दुपारी ते दहा किलो मिठाचं पोतं घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी फिरायला गेल्याबरोबर ताई माझ्या दारात हजर. हात कोपरापर्यंत मातीचे, आणि रंगाच्या जुन्या डब्यात मुळांसकट गुलाब.

"हे तुझ्या बाल्कनीत ठेव आणि तोंड बंद ठेव."

"अगं, त्यांना सांग ना, तेवढ्या वाफ्यात मारू नका म्हणून."

"तीनदा सांगितलं. नैसर्गिक आहे, गुलाबाला काय धाड भरतेय, म्हणाले."

"आणि वाफा रिकामा दिसला की?"

"दिसतोय कसला! कुंपणातली एक काटेरी फांदी खोचून आलेय. मापाच्या तळाशिवाय त्यांनी आयुष्यात कशाकडे नीट पाहिलंय?"

रविवारी प्रात्यक्षिक झालं. प्रेक्षक म्हणून मी, ताई आणि शेजारचे दातांचे डॉक्टर. भाऊजी रेनकोट, रबरी हातमोजे आणि पोहायचा चष्मा घालून अवतरले.

"चष्मा कशाला?" मी विचारलं.

"डोळ्यांत गेलं तर आग होते."

"नैसर्गिकच ना?"

"मेहुणे, तुम्ही पंप धरा."

पितळी तराजूवर मीठ तोललं गेलं. मग ओंजळभर तुटीपोटी. मग पारड्याला चिकटलेल्या मिठाच्या तुटीपोटी आणखी ओंजळभर. फवारणीनंतर बागेला लोणच्याच्या बरणीचा वास सुटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लव्हाळा पिवळाधमक. भाऊजींनी त्याचे चौदा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. डॉक्टरांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं.

"पानं गेली. मुळांचं काय?"

"वरचं गेल्यावर मूळ काय करणार आहे?"

"असंच म्हणणारे पेशंट रात्री अडीचला माझी बेल वाजवतात," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

भाऊजींनी तुटीपोटी आणखी दोनदा फवारणी केली.

दहाव्या दिवशी बागेत हिरवं म्हणून जे काही उरलं, ते सगळं लव्हाळाच होता. मुळातून नव्यानं फुटलेला, तजेलदार, जणू हवापालट करून आलेला. बाकी पुदिना गेला, गांडुळं गेली, डॉक्टरांच्या कुंपणाची एक बाजू गेली. वाफ्यातली काटेरी फांदी काळी पडली. ती खोचल्या दिवसापासूनच मेलेली होती, पण हे भाऊजींना कोण सांगणार?

ते बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात आले.

"अगं... मीठ बहुतेक जरा..."

"जरा काय?"

"जास्त झालं."

संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. ताई शपथेवर सांगते, की त्याच क्षणी ती खरं सांगून टाकणार होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिची नजर लव्हाळ्यावर गेली.

"गेला तो गेला," ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "निदान आईच्या गुलाबाची जागा तरी साफ करा. फूटभर माती उपसा. मुळांसकट."

तीन आठवडे भाऊजी खुरपं घेऊन गुडघ्यांवर होते. खारी माती पोत्यांनी बाहेर, नवी माती पोत्यांनी आत. लव्हाळ्याची एकेक गाठ ते तराजूत टाकत होते. इकडे माझ्या बाल्कनीत कळी उमलली. तिच्याशेजारी बसून चहा पिताना मला फार अपराधी वाटायचं. चहा मात्र छान लागायचा.

मग एका दुपारी गुडघ्यांना लावायचं मलम मागायला भाऊजी माझ्याकडे आले आणि सरळ बाल्कनीत शिरले. फूल पाहिलं. वास घेतला. डबा पाहिला. त्यावर त्यांच्याच फाटकाचा निळा रंग ओघळलेला होता. शेवटी पस्तीस वर्षांचा निरीक्षक तो. घशाला कोरड पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"पाणी किती घालता?" त्यांनी विचारलं.

"एक मग. रोज सकाळी."

त्यांनी मग उचलला, उलटा केला, तळावर टकटक केली.

"मेहुणे, हा कमी भरतो."

त्या दिवसापासून ते रोज येऊन तुटीपोटी तीन मग घालू लागले. चौथ्या दिवशी रोपाचं खालचं पान पिवळं पडलं. मी ताईला फोन लावला.

"बाई गं, त्यांना सगळं कळलंय. तुझा गुलाब घेऊन जा. मिठातून वाचला तो पाण्यात बुडेल."

"वाफा तयार आहे का विचार त्यांना."

विचारलं. "फूटभर सांगितलं होतं," भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "तुटीपोटी अडीच फूट उपसलंय."

मी ते जसंच्या तसं कळवलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होती की हसत होती, सांगता येत नाही.

"पाठव मग दोघांनाही घरी," ताई म्हणाली. "आणि तो मग तेवढा तुझ्याकडेच लपवून ठेव."