छताखालची पंधरा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. आकाराने कासव, रंगाने हिरवा, एक पाय तुटलेला, मुक्काम फ्रिजच्या दारावर. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला बसतात तेव्हा त्यांच्यावर कुणी ना कुणी अन्याय केलेला असतो. माझ्या कहाणीत अन्याय मीच केला आहे, म्हणून इतके दिवस गप्प बसलो होतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. काळी लोखंडी भुकटी दाबून माझं पोट तयार झालं. एका बाईंनी ते पोट कासवाच्या खाली चिकटवलं, अंगठ्याने दाबून धरलं, दहापर्यंत आकडे म्हटले आणि मला पुढे सरकवलं. पुढे स्टेशनरीच्या दुकानातून मी या घरात आलो. घरात माणसं चार. त्यांच्या लेकीचं ऐकून ऐकून मीही त्यांना आई, बाबा आणि आजोबाच म्हणतो. लेकीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहिलेली अजून कुणी पाहिलेली नाही.

माझे सुरुवातीचे दिवस काय सांगू तुम्हाला! भिंगरीच्या लसीकरणाचं कार्ड मी सांभाळलं. दाताच्या डॉक्टरांची वेळ, शाळेची पत्रं, भिंगरीने काढलेला पाच पायांचा घोडा, सगळं माझ्या पोटाखाली. "हे कासव आहे म्हणून या घरात कागद सापडतात," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझी छाती अशी फुगायची की विचारू नका.

पण भिंगरी फ्रिजचं दार धाडकन लावते. मी कितीदा फरशीवर आपटलो, त्याची गणतीच नाही. एकदा तर आख्खा उन्हाळा मला शेगडीशेजारच्या लोखंडी कपाटावर काढावा लागला. आपटणं आणि उष्णता, चुंबकाला या दोन्ही गोष्टी बाधतात. माझी ताकद हळूहळू गेली. दोन कागद पेलायचे, तिसरा घातला की तासाभरात घसरायला लागायचा. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला मात्र पक्कं माहीत होतं.

आता आजोबांविषयी. आजोबा चुन्याच्या नक्षीकामाचे कारागीर. तरुणपणी त्यांनी दुसऱ्या एका शहराबाहेरच्या जुन्या सभागृहाच्या छताची डागडुजी केली होती. चौदा महिने परांचीवर उताणं पडून, नाकापासून वीतभर अंतरावर, त्यांनी वेली आणि फुलं घडवली. परांची उतरायच्या आधीच मुकादमाने त्यांना दुसऱ्या कामावर धाडलं, आणि मग सभागृह बंद झालं. म्हणजे बघा, आपणच केलेलं छत त्यांनी खाली उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. "वीतभर अंतरावरून फूल कुठं दिसतं? नुसता चुना दिसतो," असं ते म्हणायचे. त्यात आता त्यांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल याचा भरवसा नाही.

आणि त्याच वर्षी बातमी आली. वर्षातून दोन दिवस, शनिवार-रविवार, त्या शहरातल्या, एरवी कुलूपबंद असणाऱ्या जुन्या इमारती लोकांसाठी उघडणार होत्या. त्यांत ते सभागृहही होतं! तिथे दिवसभरात फक्त चाळीस माणसं सोडणार, तीही पंधरा-पंधरा मिनिटं. त्यासाठी सोडत होती. आईने अर्ज केला आणि चौघांचा मिळून एक पास टपालाने घरी आला. त्यावर नावं नव्हती, नुसता नंबर आणि शिक्का. हातात पास असेल तोच आत जाणार.

आई शाळेत शिक्षिका. आख्ख्या शाळेचं वेळापत्रक तीच लावते. तिने त्या दोन दिवसांचा बेत असा काही आखला, की तीन आठवडे फ्रिजचं दार म्हणजे शाळेचा फळाच झालं. शनिवारी सकाळी जुनं पाणीपुरवठा केंद्र, कारण तिथलं चाक फक्त अकराला फिरवतात. दुपारी तीनला सभागृह. मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर. रविवारी जुना छापखाना, मग वेधशाळेचा मनोरा. आजोबांचे गुडघे बघून तिने मनोऱ्याच्या पायऱ्या फोन करून विचारल्या होत्या. कुठे बसायला बाक आहे, कुठे स्वच्छतागृह आहे, सगळं लिहिलेलं. "लग्नाची तयारी तरी एवढी केली होतीस का गं?" बाबा चिडवायचे. "तेव्हा वेळापत्रक तुमच्या आत्याच्या हातात होतं, म्हणून तर दोन तास उशीर झाला!" आई म्हणायची. आजोबा मात्र दिवसातून चारदा यायचे, पास डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि पुन्हा माझ्याखाली ठेवायचे.

गुरुवारी आईने शाळेतून एक नवीन चुंबक आणला. काळा, गोल, ना रूप ना रंग, पण ताकद दांडगी. आई म्हणाली, "पास याच्याखाली लावते. कासव म्हातारं झालंय." आणि तिने मला धरून ओढून पाहिलं.

मित्रांनो, माझं पाप ते हेच. मी सैल पडायला हवं होतं. पण मला राग आला. बारा वर्षं सांभाळलं आणि आता महत्त्वाचा कागद आला तर कालचा पोर? मी होती नव्हती तेवढी ताकद एकवटली आणि दाराला असा चिकटलो, की आईचं बोट घसरलं. ती हसली. "अगंबाई, अजून दम आहे की!" असं म्हणून तिने पास माझ्याकडेच ठेवला. वर बसचं वेळापत्रक आणि बेताची यादीही माझ्याखालीच सारली. नव्याला मिळालं वाण्याच्या सामानाचं चिटोरं. मी त्याच्याकडे बघून मिरवत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी भिंगरीने पाण्याची बाटली काढली आणि नेहमीसारखं दार लावलं. वरचे दोन कागद मी कसेबसे धरले. पास सगळ्यांत आत होता, गुळगुळीत. तो खाली सटकला, फरशीवर पडला आणि फ्रिजखाली गेला. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. शनिवारी सकाळी घाईघाईत आईने माझ्याखालचे कागद एकत्र काढले, पिशवीत घातले आणि सगळे निघाले. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि पास फ्रिजखालीच राहिला.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. सभागृहाच्या फाटकाशी आईने पिशवी तीनदा पालथी केली. पहारेकरी भला होता, पण त्याचाही नाइलाज होता. बाबा भडकले, "बसच्या मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतेस आणि नेमका पासच विसरतेस?" आई रडकुंडीला आली. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "तिला बोलू नकोस. पास मी काल काढून घेतला होता. माझ्याच खिशातून कुठेतरी पडला." भांडण तिथेच मिटलं आणि रविवारचा बेत ठरल्याप्रमाणे पार पडला. बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण काय बोलणार?

त्यानंतर कितीतरी दिवस घरात थट्टा चालायची. आजोबांचा चष्मा सापडेना की बाबा त्यांना म्हणायचे, "पासासारखा खिशातून पडला नाही ना?" आजोबा हसायचे. मला मात्र तिथून उडी मारावीशी वाटायची.

पाच महिन्यांनी फ्रिजमधून पाणी गळायला लागलं. दुरुस्तीवाल्याने फ्रिज पुढे ओढला आणि धुळीने माखलेला पास आईच्या हातात दिला. आई तिथेच फरशीवर बसली. मग तशीच उठून आजोबांसमोर गेली. "पास तर इथेच होता. तुम्ही खोटं का बोललात?" आजोबा पासावरची धूळ पुसू लागले. मग म्हणाले, "अगं, माझं छत तर हुकलंच होतं. तुझा रविवार कशाला हुकवायचा? किती खपली होतीस तू."

बाबांनी मान खाली घातली. आई रडत म्हणाली, "चूक माझीच आहे. मीच नीट लावला नसणार." तिने माझ्याकडे पाहिलं, पण मला बोल लावला नाही. "त्या कासवाचा काय दोष? जुनं झालंय बिचारं," एवढंच म्हणाली. मित्रांनो, तिने मला कचऱ्यात फेकलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी आईने पुन्हा अर्ज केला आणि पास पुन्हा मिळाला. या वेळी तो तिने पर्समधून बाहेरच काढला नाही. चौघं आत गेले. आजोबा मान वर करून पूर्ण पंधरा मिनिटं उभे राहिले. "किती छान झालंय!" असं दोनदा म्हणाले. भिंगरीने विचारलं, "आजोबा, यातलं तुमचं फूल कुठलं?" त्यांनी हसत बोट दाखवलं. ते बोट बंद खिडकीकडे होतं. हे भिंगरीने घरी आल्यावर आईच्या कुशीत शिरून हळूच सांगितलं आणि फ्रिजच्या दारावर मी ते ऐकलं.

मला तोंड नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही, कारण त्या गुरुवारी नुसतं सैल पडलो असतो तरी पुरलं असतं. तुम्हाला तर तोंड आहे. हातातलं काम पेलत नसेल तर लाजू नका, रागावू नका, त्याच दिवशी सांगून टाका.