माझ्या डोळ्यांना झाकण नाही

मी बोलतेय, काचेच्या टाकीतली सोनेरी मासोळी. मासे मुके असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं? तोंड तर माझं दिवसभर चालू असतं. ऐकायला तुम्हाला सवड नाही, त्याला मी काय करू?

जन्म कुठल्या पाण्यात झाला ते ठाऊक नाही. आठवतं ते दुकान आणि पाण्याने भरलेली पिशवी. घड्याळजीच्या बायकोने मला आणलं, त्याच्या कामाच्या टेबलाशेजारी ठेवलं आणि वर्षाच्या आत ती गेली. मी राहिले. समोर खिडकीपाशी पिंजऱ्यात एक काकाकुवा आहे. घरात त्याला साहेब म्हणतात, आणि तोही स्वतःला तसाच समजतो.

या साहेबाला मी पाण्यात पाहते. आता मी स्वतःच पाण्यात, त्यामुळे हे काम मला सोपं जातं. त्याच्या तुऱ्याचं मला काही नाही. बेसूर गातो, गाऊ दे. माझा जीव जळतो तो त्या निळ्या फडक्यावरून. दिवेलागणीला घड्याळजी पिंजऱ्यावर फडकं टाकतो आणि म्हणतो, "झोपा साहेब, दमलात." काय करून दमला? दिवसभर दांडीवर बसून. आणि इथून तिथे येरझारा घालून माझी शेपटी गळून गेली, तर माझ्या डोक्यावर दिवा. रात्रभर.

कारण घड्याळजीची पक्की समजूत, की माझे डोळे मिटत नाहीत म्हणजे मी झोपतच नाही. शेकडो घड्याळांची पोटं उघडून पाहिलेला माणूस, पण मला पापणीच नाही हे त्याला कधी दिसलं नाही. मी झोपते हो. तळाशी खड्यांजवळ जाते, पर सैल सोडते, अंगाचा रंग जरा उतरतो, कल्ले हळू चालतात. पण डुलकी लागते न लागते तोच काचेवर टकटक. "बाई, बरं वाटत नाही का?" की मी दचकून वर.

बायको गेल्यापासून त्याचीही झोप उडालेली. टाकीच्या उजेडात बसून तो मला सगळं सांगायचा. कोणाच्या घड्याळाची कमान तुटली, गुडघा कुठे ठणकतो, ती असती तर आज काय म्हणाली असती. "घरात जागे आपण दोघंच," म्हणायचा. खोटं का बोलू, मला बरं वाटायचं. साहेबाला नव्हता ना सांगत. पण जागून जागून मी खंगले. खाणं तोंडाशी येऊन परत जाई, अंग एका बाजूला कलू लागलं. त्याने पाणी बदललं, औषध घातलं. दिवा मात्र तसाच.

त्याची सून नर्स. रात्रपाळी करून येते आणि डोळ्यांवर ओढणी बांधून भर दिवसा झोपते. एका सकाळी ती टाकीपुढे वाकली.

"बाबा, हा दिवा कधी बंद करता?"

"कशाला? तिला कुठे झोप असते? माझ्यासारखीच आहे ती."

"झोप सगळ्यांना असते. उजेडात झोपणं काय असतं ते मला विचारा. माराल तिला अशाने."

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "म्हणजे दोन वर्षं मी झोपलेल्या मासोळीशी बोलत होतो?"

"झोपलेल्या कुठल्या? तुम्ही झोपू दिलंत कधी?"

त्या दिवशी त्याने एकही घड्याळ उघडलं नाही. संध्याकाळी पिंजऱ्यावर फडकं टाकलं, मग माझ्यापाशी आला आणि बटणावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"झोपा बाई," म्हणाला. "दमलात."

तो अंधार मी घोटाघोटाने प्यायले.

आठ दिवसांत माझा रंग परतला, भूक परतली. आणि आता ऐका. रात्री घड्याळजी खुर्ची खिडकीपाशी ओढतो, निळ्या फडक्याचा कोपरा उचलतो आणि साहेबाशी बोलतो. तुटलेली कमान, गुडघा, ती. माझ्या सगळ्या गोष्टी त्या बेसुऱ्याला. तो झोपेत कुरकुरतो, मान फिरवतो. मी कधी मान फिरवली होती का?

अंधार मला हवाच होता, आजही हवा आहे. पण घड्याळजी, माझी पापणी म्हणजे भिंतीवरचं ते बटण, आणि ते तुमच्या हाताशी आहे. रोज रात्री ती मिटा. फक्त मिटण्याआधी ती खुर्ची घटकाभर इकडे ओढा, दोन शब्द बोला, आणि मग मिटा.