निळ्या झाकणाची बाटली

“खालच्या फळीवर एक वस्तू कमी आहे,” तपासनीस म्हणाला आणि हातातल्या टॅबवर बोट टेकवून थांबला.

शाम्पूच्या बाटल्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे वळवत ती उकिडवी बसली होती. सकाळपासून तिने ती फळी दोनदा मोजली होती. दुकानाच्या फळ्या लावण्यात तिची आठ वर्षं गेली होती, तीही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. प्रत्येक करार संपला की थोडे दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नव्याने रुजू व्हायचं. आठ वर्षांची मुरलेली बाई कागदोपत्री दर वेळी नवी कोरी! यंदा मात्र मॅनेजरनी कबूल केलं होतं, की तपासणीत पैकीच्या पैकी गुण पडले तर कायम करण्यासाठी तिचं नाव वर पाठवू.

“कुठली वस्तू?”

“हा नमुना फोटो बघा. मुख्य कार्यालयाने सगळ्या दुकानांसाठी ठरवलाय. डाव्या कोपऱ्यात निळ्या झाकणाचं काहीतरी आहे. तुमच्याकडे नाही.”

तिला आजवर मांडणीची नुसती यादीच मिळाली होती. वाचताना ती ओळखीची वाटली होती खरी. आता फोटो पाहिला आणि तिचं डोकंच सणकलं. ती गेल्या हंगामात तिनेच लावलेली फळी होती. मॅनेजरनी ‘असाच, आठवण म्हणून’ फोटो काढला होता. खाली ठसठशीत अक्षरांत त्यांचंच नाव होतं.

मॅनेजर शेजारी उभे होते. न वाजलेला फोन त्यांनी खिशातून काढला.

“साहेब, मांडणी तुमची आहे. ही वस्तू कोणती?” तपासनिसाने विचारलं.

“ते... शोभेसाठी असेल.”

शोभेसाठी! आठ वर्षं तिने पुष्कळ काही गिळलं होतं, पण हे घशाखाली उतरेना. ती उठली, ढकलगाडीतली आपली पाण्याची बाटली घेतली आणि डाव्या कोपऱ्यात आदळली. झाकण निळं. त्याखाली तिच्या लेकीने चिकटवलेला कागदी चंद्र, एक टोक निघालेला.

“फोटो मोठा करून बघा.”

त्याने केला. चंद्र होता, टोकही निघालेलं होतं. मान वर करेपर्यंत मॅनेजरना गोदामात तातडीचं काम निघालं होतं.

“म्हणजे फळी तुमची आहे, ताई.”

“फळी माझी, बाटली माझी आणि नाव त्यांचं,” ती फणकारली. “आता लिहा काय लिहायचं ते!”

त्याने लिहिलं आणि टॅब तिच्यापुढे धरला. पैकीच्या पैकी.

“मग या खेपेला कायम करतील ना?” तिने विचारलं, आणि विचारल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

त्याने आजूबाजूला पाहिलं.

“मी फक्त गुण देतो, ताई. पुढचं वरचे ठरवतात.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मीसुद्धा अकरा महिन्यांवरच आहे. सहावी खेप.”

जिभेवर आलेलं सगळं तिला परत गिळावं लागलं. या माणसावर ओरडून काय उपयोग?

“पाणी घेता?”

तो घटाघटा प्यायला. झाकण लावून वाकला आणि फोटोत बघून बाटली नेमक्या जागी ठेवली.

चंद्र मागच्या बाजूला गेला होता. तिने च्‌ केलं. पुन्हा उकिडवी बसली आणि चंद्राचं तोंड गिऱ्हाइकाकडे वळवलं.